मिरजेचा कान

पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शिवारांत एक भोपळा पिकतो. तो कुणी खात नाही, कारण तो कडूजहर असतो. त्याचा वेल जमिनीवर पसरतो आणि फळ धरलं की शेतकऱ्याला त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. ज्या अंगावर फळ निजेल ते अंग चपटं होतं. म्हणून त्याला हलक्या हातानं बसतं करायचं, बुडाखाली पाचट सारायचं आणि मोठं होईल तेवढं होऊ द्यायचं. पुढे ते उन्हात कडक वाळलं की त्याचा प्रवास मिरजेकडे सुरू होतो. सतार आणि तंबोरा घडतो तो या भोपळ्यातून. दक्षिण महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कितीतरी बैठकींत गायकाच्या मागे जो आवाज भरून राहिलेला असतो, त्याची सुरुवात अशी कुणाच्या तरी रानात झालेली असते.

मी सांगलीची. मिरज आम्हाला इतकी जवळ, की दोन्ही गावांच्या मधली मोकळी जागा कधी भरून गेली ते कळलंही नाही. लोक मिरजेला दवाखान्यासाठी येतात, रेल्वे पकडायला येतात. मी जाते ती सतारमेकर गल्लीत. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आसपासची ही वस्ती. दुकानांच्या पुढच्या भागात काचेच्या कपाटात पॉलिश केलेली वाद्यं उभी, आणि खरं काम मागच्या खोलीत, नाहीतर वरच्या माळ्यावर. तिथं आढ्याला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, कोपऱ्यात स्पिरिट आणि चपडा लाखेचा उग्र वास. एकजण पटाशीनं पानं कोरतोय, दुसरा दांडी तासतोय, आणि कुठूनतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज येतोय. नवखा माणूस त्या आवाजाकडे लक्ष देत नाही. मला वाटतं, मिरजेचं सगळं सार त्या एका तारेत आहे, आणि आज लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

त्याआधी भोपळ्याचं काय होतं ते सांगते, कारण ते फार सुंदर आहे. आलेला भोपळा लगेच कामाला घेत नाहीत. तो टांगून ठेवायचा, मुरू द्यायचा. मी ज्यांच्याकडे जाते त्या चाचांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांनी आणून ठेवलेले चार-दोन भोपळे अजून आहेत आणि ते कुणाला द्यायचे याबद्दल ते फार चोखंदळ आहेत. काम सुरू करताना भोपळा पाण्यात भिजत घालतात. भिजल्यावर त्याची कड जरा लवते. मग वरचा भाग कापायचा, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि आतून बांबूच्या कांबी लावून तोंड हवं तेवढं फाकवून पुन्हा वाळवायचं. दोन भोपळे कधीच सारखे नसतात. त्यामुळे तंबोऱ्याचा आराखडा कागदावर काढून ठेवता येत नाही. हातात आलेला भोपळा सांगेल तसा गळा बेतायचा, तशी दांडी आणि तशीच तबली.

दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. हे लाकूड हलकं, तांबूस, आवाजाला मोकळं. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारं लाकडी झाकण, मधोमध किंचित फुगीर. ती किती पातळ करायची हे ठरवायला चाचा माप लावत नाहीत. रंधा मारायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचं, ऐकायचं, पुन्हा थोडा रंधा. जाड राहिली तर वाद्य मुकं होतं आणि फार पातळ झाली तर वर्षा-दोन वर्षांत तारांच्या ओढीनं खचते. मग जोडकाम, सरस, नक्षी, लाखेचं पॉलिश. नक्षीच्या पट्ट्या पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या, आता सेल्युलॉइडच्या. ज्या घोडीवरून तारा जातात ती सांबरशिंगाची करत. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा आला आणि पुढे ते संपलं, योग्यच झालं. आता उंटाचं हाड, काळं लाकूड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. जुने कारागीर शिंगाच्या आवाजाची आठवण काढतात, पण नव्या साहित्यातून तसाच आवाज काढायला शिकलेही तेच.

इथपर्यंतचं काम हाताचं आहे आणि हाताचं काम पाहून पाहून शिकता येतं. वाद्य उभं राहतं, झळकायला लागतं, तारा चढतात, आणि तरीही ते वाद्य झालेलं नसतं. तार छेडली तर टण्ण असा कोरडा आवाज येतो आणि मरतो. त्यात प्राण येतो जवारी काढल्यावर.

तंबोऱ्याची घोडी म्हणजे उभी धार नसते. ती चांगली रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी नकळत उतार असतो. तार त्या उतारावर टेकलेली असते, आणि कंप पावताना त्या माथ्याला स्पर्श करत, सुटत, पुन्हा स्पर्श करत राहते. त्या स्पर्शातून मूळ सुराच्या पोटातले वरचे सूर एकामागून एक उमलत येतात. हा उतार काढणं म्हणजेच जवारी काढणं. तो कानस आणि बारीक पॉलिशपेपर यांनी काढायचा असतो आणि डोळ्याला दिसत नाही. दोन घासण्या जास्त झाल्या तर आवाज फाटतो, कमी पडल्या तर बंद राहतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात आणि केसाएवढा पुढेमागे करत तो बिंदू शोधतात जिथं तार एकदम बोलायला लागते.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. प्रकाशावरच्या ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. तार जिथं छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटूच नयेत, असा ध्वनिशास्त्राचा जुना नियम आहे. रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे सूर ऐकू येऊ नयेत ते त्यांत ठळक ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीचा तो वक्र माथा आणि तो दोरा. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला चाचांचा अभिमान वाटला. रामन यांनी ज्याचं कोडं सोडवलं ते त्याआधी पिढ्यान् पिढ्या कानसीनं घडत आलं होतं. ज्यांनी ते घडवलं त्यांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत.

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतून गांधार, म्हणजे ‘ग’, आपोआप ऐकू येतो. कुठलीही तार गांधाराला लावलेली नसते. पंचम, मधल्या जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढंच. पण खर्ज शुद्ध लागला आणि जवारी खुली असली की तिच्या पोटातून गांधार वर येतो. गाणं शिकताना माझ्या आत्यानं मला कितीतरी संध्याकाळी फक्त तो गांधार ऐकायला बसवलं होतं. मला ऐकू येत नसे आणि ती चिडत नसे. म्हणायची, येईल, तो आहेच तिथं. ज्या संध्याकाळी तो आला त्या संध्याकाळी मी काही गायलेच नाही. ऐकायला येणं हीच मोठी विद्या आहे, हे मला गळ्यानं शिकवलं नाही, त्या तंबोऱ्यानं शिकवलं.

आत्याचा तो तंबोरा आता माझ्याकडे आहे. तोही याच गल्लीतला. जवारी कायम टिकत नाही. तारांच्या घर्षणानं घोडीवर बारीक चरे पडतात आणि आवाज बसत जातो, म्हणून अधूनमधून चाचांकडे जावं लागतं. ते आधी वाद्य बघत नाहीत. मला समोर बसवतात आणि म्हणतात, "ताई, गावा की जरा. आकार लावा नुसता." मी षड्ज लावते, पंचमापर्यंत जाते, परत येते. ते मान खाली घालून ऐकतात. काही वर्षांपूर्वी असंच ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आवाज थोडा खाली आलाय ताई. काळी पाच आता नको. चारावर बसवूया, तारा जरा जाड घालतो, मोकळं वाटंल तुमास्नी." काळी पाच, काळी चार म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्या; गाणाऱ्याचा सूर त्यांवरून सांगतात. त्या वर्षी मला गाताना दम लागत होता आणि मी ते कुणाला बोलले नव्हते. वय गळ्यात उतरतं ते घरच्यांच्या आधी त्यांना कळलं. त्यांनी तारा बदलल्या, घोडी पुन्हा घासली, दुपारभर. सूर खाली आला की तार जाड लागते, तार जाड झाली की तिचं घोडीवर टेकणं बदलतं, मग सगळी जवारी नव्यानं. संध्याकाळी मी गायले तेव्हा गळा जिथं आपोआप जाऊन बसत होता तिथंच तंबोरा उभा होता. मला त्या दिवशी म्हातारपणाची भीती वाटली नाही, याचं सगळं श्रेय मी त्यांना देते.

या लोकांच्या हातात हे कसं आलं त्याची कथा मिरजेत सगळ्यांना ठाऊक आहे. ही मूळची शिकलगार घराणी, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारी, शस्त्रं घडवणारी माणसं. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांची शस्त्रं शोभेपुरती उरली आणि यांचा धंदा बसला. त्याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गवय्ये येत होते आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करणारं कुणी जवळ नव्हतं. दुरुस्तीपासून सुरुवात झाली आणि या घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी स्वतःची वाद्यं घडवायला घेतली. आज गल्लीत जे आडनाव पाटीपाटीवर दिसतं, सतारमेकर, ते या धंद्यानं दिलेलं.

मिरजेत वाद्यं झाली ती ऐकणारे आणि गाणारे इथं होते म्हणून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत होते आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल श्रुती, म्हणजे सुरांमधली सूक्ष्म अंतरं, मोजायच्या ध्यासानं झपाटले होते. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१०चं, आणि खाँसाहेबांनी त्यांना श्रुती गाऊन दाखवल्या. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं. दोन्हीकडे बसणारे श्रोते बरेचसे तेच, आणि त्यांत कारागीरही असतात. खाँसाहेबांसारखा सुराला कडक माणूस ज्या गावात राहतो, त्या गावातल्या कारागिराला कमी प्रतीची जवारी काढून भागत नाही. गिऱ्हाइकाचा कान जितका तयार, तितका घडवणाऱ्याचा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि या गल्लीबद्दल बोलताना हल्ली तीच सुटते.

कोकणात उतरलं की सावंतवाडीला अशीच एक गल्ली आहे, चितारआळी. लाखेची लाकडी खेळणी, फळं, आणि तिथले गंजिफे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. कला जवळजवळ संपत आली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच चितारी कारागिरांना काम दिलं आणि ती वाचवली. फार मोठं काम ते. राजवाड्यात बसून बायका-पुरुष मत्स्य, कूर्म, वराह रंगवताना मी बघितलेत. ब्रशची शेपूट एका केसाची असावी असं काम. मी एक संच घेतला आणि तिथल्या एका बाईंना विचारलं, खेळायचं कसं? त्यांनी प्रेमानं थोडं समजावलं आणि मग म्हणाल्या, आता लोक फ्रेम करूनच लावतात. चित्र वाचलं आणि खेळ गेला, हे मला तिथून परतताना घाट चढेपर्यंत छळत राहिलं.

फ्रेममधला गंजिफा तरीही सुंदर असतो. तंबोऱ्याचं तसं होत नाही. तो दिवाणखान्यात शोभेला उभा केला की त्यातली नव्याण्णव हिस्से कारागिरी दिसेनाशी होते, कारण ती ऐकायचीच आहे. आता चाचांकडे हॉटेलांसाठी, लग्नाच्या हॉलसाठी वाद्यं मागणारे येतात. त्यांना मोठा भोपळा हवा, भरपूर नक्षी हवी. चाचा करून देतात, घर चालवायचं असतं. पण अशा वाद्याला जवारी कोण मागणार? मागितलीच नाही तर ती काढण्यात अख्खी दुपार कोण घालवणार? आणि काढली नाही तर शेजारी बसलेला पोरगा ती शिकणार कशी?

दुसऱ्या बाजूनं यंत्र आलं. आधी बेंगळूरूकडची इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी, आणि आता फोनमधलं ॲप. मी त्याला नावं ठेवणार नाही. प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटे एकट्यानं रियाज करणाऱ्या मुलीला त्यानं मोठा आधार दिलाय, आणि चार-पाच फुटांचा तंबोरा प्रत्येकाच्या घरात मावत नाही हेही खरं. पण ॲप जुळवावं लागत नाही. काळी चार दाबली की काळी चार. तंबोरा जुळवताना खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जोडीचे दोन सूर एकमेकांत विरघळेपर्यंत थांबायचं, हवा दमट असली की पुन्हा सगळं करायचं. हा वेळ वाया जात नसतो. गाण्याचा निम्मा अभ्यास त्यातच होतो. ज्या विद्यार्थ्यानं एकदाही तंबोरा जुळवला नाही, त्याला चांगली जवारी आणि वाईट जवारी यांतला फरक सांगता येणार नाही. उद्या तोच गवई होईल, वाद्य घ्यायला मिरजेत येईल, आणि पॉलिश बघून घेऊन जाईल. कारागिरी संपते ती अशी, गिऱ्हाइकाच्या बाजूनं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले असतील तर ते योग्यच. दुसरीकडे बनवलेल्या वाद्याला मिरजेचं नाव लावून विकता येऊ नये, हे व्हायलाच हवं होतं. माझ्या सांगलीतल्या ओळखीच्या लोकांनीही त्या दिवशी मला फोन केले. काहींना गल्ली आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मानांकनानं नाव सुरक्षित झालं. कान कुणी नोंदवून ठेवू शकत नाही. तो फक्त दोन माणसं समोरासमोर बसल्यावर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्यातलं एक माणूस गाणारं असावं लागतं.

चाचांचा धाकटा मुलगा शिकतोय. थोरला पुण्यात कंपनीत आहे. धाकटा आधी फोनवर सूर तपासायचा. चाचा काही बोलत नसत, फक्त तो गेला की दोरा पुन्हा सरकवत. अलीकडे गेले तेव्हा त्याच्यापुढं एका नव्या तंबोऱ्याची घोडी होती आणि फोन बाजूला उपडा पडला होता. तो म्हणाला, "ताई, आलायसा तर जरा षड्ज द्या. आब्बा म्हणत्यात खर्ज दाबलाय, मला तर खुला वाटायलाय." मी गायले. त्यानं तार छेडली. चाचांचं बरोबर होतं. त्यानं कानस घेतली, दोन हात मारले, पुन्हा छेडली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मी तिथं बसून जेवढा षड्ज लावला तेवढा त्या महिन्यात घरी लावला नसेन. शेवटी त्यानंच मान हलवली आणि चाचांनी नुसता हुंकार दिला. त्या पोराला त्या दिवशी माझी गरज होती. गाणाऱ्या माणसाची त्या खोलीत किती गरज असते हे मला तेव्हा नीट समजलं. वाद्य घ्यायला, दुरुस्तीला येणं वेगळं. नुसतं येऊन बसणं, सूर देणं, हा सूर असा नको, असा हवा, हे भांडून सांगणं, तेही त्या कामाचा भाग आहे. पूर्वी गवई तिथं तासन् तास बसायचे असं चाचा सांगतात. आता ऑर्डर फोनवर येते आणि वाद्य खोक्यात बसून जातं.

म्हणून माझं सांगलीच्या, मिरजेच्या, साताऱ्याकडच्या गाण्याच्या क्लास चालवणाऱ्यांना मनापासून सांगणं आहे: मुलांना तिथं घेऊन जा. परीक्षेच्या फॉर्मवर मिरजेचं नाव वाचणाऱ्या मुलांनी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय ज्या गावात आहे त्या गावातली ही गल्ली पाहिलेली नसावी, हे बरोबर नाही. एकच वाद्य जवारीआधी आणि जवारीनंतर ऐकवा. लहान मुलांना फरक झटकन कळतो, आपल्यापेक्षा लवकर.

आणि ज्यांच्या घरी कपाटावर, पलंगामागे आजीचा, आजोबांचा तंबोरा खोळीत पडून आहे, त्यांनी तो काढावा. भोपळ्याला बारीक चीर असली तरी घाबरू नका, ती बुजवता येते. तबली खचली असेल तर बदलता येते. दांडी वाकली असेल तर मात्र आधी दाखवा, मग खर्चाचं ठरवा. आणताना तारा पूर्ण उतरवू नका, सैल करा, नाहीतर घोडी जागची हलते आणि जुनी खूण सापडत नाही. बसच्या मागच्या सीटवर टाकू नका; मांडीवर घेता आला तर उत्तम. तुमचा सूर कुठला ते माहीत नसेल तरी चालेल, ते तुम्हाला गायला लावतील आणि सांगतील. दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा, आणि गेलात की दोन-तीन तास मोकळे ठेवून जा.